पाऊल उचलण्याचा हुकूम

चवडा जमिनीला घासतोय, पाहा. पाय पुढे पडतो, पण पाऊल वर येत नाही. म्हणून हे काका अख्खा पाय कमरेतून गोल फिरवून पुढे आणतात. पक्षाघातानंतर असं बऱ्याच जणांचं होतं. डॉक्टर याला ‘फूट ड्रॉप’ म्हणतात. पायपुसण्याची कडसुद्धा माणसाला पाडायला पुरते.

पाऊल उचलणारा स्नायू नडगीवरच आहे. तो जिवंत आहे, त्याची नसही शाबूत आहे. बिघाड झालाय वर, मेंदूत.

त्या नसेला बाहेरून करंट देऊन पाऊल उचलता येतं, हे 1961 मध्येच डॉक्टर लिबरसन यांनी अमेरिकेत दाखवलं. टाचेखाली एक स्विच. टाच उचलली की गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला करंट जायचा आणि पाऊल वर यायचं. सोय मोठीच होती. पण हुकूम स्विचचा होता, माणसाचा नव्हता.

आता हुकूम थेट मेंदूकडून घ्यायचा प्रयत्न आहे. काकांच्या डोक्यावर ईईजीची, म्हणजे मेंदूतले विजेचे सिग्नल डोक्याच्या त्वचेवरून टिपणारी टोपी आहे. लक्ष टाळूच्या मध्यावर, कारण पाय हलवणारा भाग मेंदूच्या दोन अर्धांमधल्या फटीत दडलेला असतो. हाताचा भाग बाहेरच्या बाजूला, म्हणून तो टिपणं त्या मानाने सोपं. पायाचं काम जिकिरीचं. त्यात हे सिग्नल मायक्रोव्होल्टमधले, म्हणजे व्होल्टचे काही दशलक्षांश! नुसता जबडा आवळला तरी ते झाकले जातात.

“काका, दात सैल सोडा. आता पाऊल वर घ्या. जमत नसलं तरी जोर लावा.”

माणूस स्वस्थ बसलेला असताना या भागात सेकंदाला साधारण 8 ते 12 आवर्तनांच्या लहरी उमटत असतात. हालचालीचा प्रयत्न सुरू झाला की त्या दबतात. कॉम्प्युटर नेमकं हेच हेरतो आणि करंट सोडतो. पाऊल उचललं जातं, आणि ते उचलल्याची जाणीव लगेच मेंदूकडे परत जाते.

सगळी मदार या वेळेवर आहे. एकाच वेळी जागणाऱ्या चेतापेशींमधले जोड बळकट होतात, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी 1949 मध्ये मांडली होती. प्रयत्न आणि हालचाल यांची गाठ पडली, तरच तुटलेल्या वाटेच्या आजूबाजूला नवे जोड रुजण्याची आशा.

हाताच्या बाबतीत याला चांगला पुरावा आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पक्षाघाताला बरेच महिने उलटलेले 27 रुग्ण होते. काहींना करंट मेंदूच्या इशाऱ्यावर मिळाला, काहींना इशाऱ्याशी संबंध न ठेवता. पहिल्या गटाचा हात अधिक सुधारला आणि ती सुधारणा उपचार थांबल्यावरही काही महिने टिकली. चालण्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन केंद्रात प्रयोग झाले आहेत, पण मोजक्याच रुग्णांवर. मोठ्या चाचण्या व्हायलाच हव्यात.

हा उपचार सरसकट सगळ्यांना लागू होत नाही. नसच निकामी असेल, तर करंट स्नायूपर्यंत पोहोचत नाही. पेसमेकर असलेल्यांनी आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारायला हवं. आणि फिजिओथेरपी सोडायची नाही: टोपी उतरली की काका लगेच समांतर दांड्यांना धरून उभे राहतात, चालण्याच्या सरावाला.