पक्षाघाताची जनुकं आणि आपला रकाना

नमस्कार.

पक्षाघाताच्या रुग्णाचे नातेवाईक पहिले काही दिवस एकच विचारत असतात : हात-पाय परत चालतील का, बोलणं परत येईल का? धोका टळला, घरी सोडायचा दिवस जवळ आला, की कुणीतरी दुसरा प्रश्न काढतं. आजोबा यातच गेले, मोठ्या काकांची एक बाजू गेली, आता दादाला झालं. हे आमच्या रक्तातच आहे का? आज मी या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलणार आहे. त्याचं उत्तर कुठल्याही एका देशाला एकट्याने सापडलं नाही, गाठीला कितीही पैसा असला तरी. आणि जे सापडलंय त्यात आपल्या लोकांचा वाटा फार थोडा आहे. मला हे जास्त टोचतं, म्हणून त्यावर जास्त वेळ घेईन.

आधी एक स्पष्ट करते. पक्षाघात हा मुख्यतः रक्तदाबाचा आजार आहे असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. इंटरस्ट्रोक नावाच्या अभ्यासात ३२ देशांतल्या जवळपास २७ हजार लोकांची माहिती गोळा झाली, त्यात बंगळूरचे संशोधकही होते. त्याचे निष्कर्ष २०१६ साली आले. रक्तदाब, तंबाखू, मधुमेह, आहार, व्यायामाचा अभाव अशा दहा गोष्टींशी जगातल्या सुमारे ९० टक्के पक्षाघातांचा संबंध लावता येतो, आणि या दहाही गोष्टी बदलता येण्यासारख्या आहेत.

मग जनुकं कशाला शोधायची? एक तर, तेवढंच वय, तेवढाच रक्तदाब असूनही एका भावाला झटका येतो आणि दुसऱ्याला येत नाही, याचा उलगडा व्हायला हवा. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. शरीरात बिघाड नेमका कुठे सुरू होतो ती जागा जनुक दाखवतं, आणि जागा कळली की औषध शोधायला दिशा मिळते. गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचा धोका प्रत्येक माणसात कमी-जास्त असतो. या फरकातला सुमारे ३८ टक्के भाग जनुकीय असावा, असा अंदाज २०१२ साली निघाला. मोठ्या रक्तवाहिन्यांच्या प्रकारात तो ४० टक्क्यांच्या आसपास होता, लहान रक्तवाहिन्यांच्या प्रकारात जेमतेम १६. त्यामुळे त्या दादाच्या भावंडांना मी सांगते, की रक्तात थोडं असू शकतं, पण उद्या सकाळी जाऊन रक्तदाब मोजून घ्या.

काही घराण्यांत मात्र एकच जनुक सगळा घात करतं. पॅरिसच्या डॉक्टरांनी अशा एका फ्रेंच कुटुंबाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. चाळिशी-पन्नाशीत, रक्तदाब वाढलेला नसताना पुन्हा पुन्हा झटके, आधी अर्धशिशी, पुढे विस्मरण. मारी-जर्मेन बूसेर आणि एलिझाबेथ तूर्निए-लासेर्व यांच्या गटाने १९९३ साली हा दोष १९व्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं आणि १९९६ मध्ये नॉच-३ हे जनुक हाती लागलं. या आजाराला कॅडासिल म्हणतात. हे काम एका शहरात होऊ शकलं, कारण दोष जबर होता आणि कुटुंब मोठं होतं.

पण तुमच्या-माझ्या घरातला पक्षाघात तसा नसतो. त्यामागे शेकडो जनुकीय फरक असतात आणि प्रत्येकाचा परिणाम चिमूटभर. इथे एकेकट्या गटांनी सपाटून मार खाल्ला. २००३ साली आइसलँडमधून एका जनुकाची मोठी घोषणा झाली; इतर देशांत ते नीटसं जुळलं नाही. २००९ मध्ये तर अमेरिकेतल्या आणि नेदरलँड्समधल्या चार नामांकित दीर्घकालीन अभ्यासांनी मिळून १९,६०२ लोकांमध्ये शोध घेतला आणि १२व्या गुणसूत्रावरच्या एका जागेकडे बोट दाखवलं. त्यांच्या पाहणीच्या काळात झटके आले होते १,५४४ लोकांना. निबंध वैद्यकशास्त्राच्या सर्वांत मानाच्या नियतकालिकांपैकी एकात छापून आला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय स्ट्रोक जेनेटिक्स कन्सॉर्शियमने, म्हणजे पक्षाघाताची जनुकं शोधणाऱ्या अनेक देशांतल्या गटांच्या संघाने, तीच जागा ८,६३७ रुग्णांमध्ये आणि जवळपास तितक्याच निरोगी लोकांमध्ये तपासली. काहीही मिळालं नाही. तो निकालही त्याच नियतकालिकाने छापला.

या घटनेकडे मी फार आदराने पाहते. नकारार्थी निकाल छापायला कुणी उत्सुक नसतं, त्याने कुणाची बढती होत नाही. पण शेकडो प्रयोगशाळांची पुढची कित्येक वर्षं एका चुकीच्या जागेवर खर्च होण्यापासून वाचली. हे कन्सॉर्शियम २००७ साली सुरू झालं होतं. त्याचं गृहीतक साधं आहे : माझ्या रुग्णालयातले हजार रुग्ण पुरेसे नाहीत, तुझेही नाहीत, तर आपण एकत्र मोजू.

एकत्र मोजायचं म्हणजे काय, तर नुसते नमुने एका ठिकाणी ओतायचे नाहीत. संपूर्ण जनुकसंचात एकमेकांपासून स्वतंत्र अशा साधारण दहा लाख जागा तपासल्या जातात. इतक्या जागा पाहिल्यावर योगायोगाने काहीतरी सापडणारच. म्हणून कसोटी फार कडक ठेवलेली असते : निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता दोन कोटींत एक किंवा त्याहून कमी हवी. ही कसोटी चिमूटभर परिणामाच्या जनुकाने पार करायची तर रुग्ण हजारांनी लागतात. प्रत्येक देशाचे कायदे वेगळे, संमतीपत्रं वेगळी. त्यामुळे बहुतेक वेळा लोकांची मूळ माहिती देशाबाहेर जातच नाही. सगळे गट आधी एक लेखी आराखडा मान्य करतात, आपापल्या संगणकावर त्याप्रमाणे हिशेब करतात आणि फक्त एकत्रित आकडे पाठवतात. त्या आकड्यांची मग बेरीज होते.

पण सर्वांत किचकट काम संगणकावरचं नसतं, ते रुग्णाच्या खाटेपाशी असतं. पक्षाघात हे एका रोगाचं नाव नाही. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो किंवा गुठळी अडकू शकते. गुठळी मानेतल्या मोठ्या धमनीतून आलेली असेल, ठोके अनियमित पडणाऱ्या हृदयातून आलेली असेल, किंवा मेंदूच्या आतली केसासारखी रक्तवाहिनीच बुजली असेल. हे सगळं एकत्र करून जनुक शोधणं म्हणजे ज्वारी, बाजरी आणि नाचणी एकत्र दळायची आणि भाकरी का तुटते याचं कारण पिठात शोधायचं. १९९३ साली एका औषधाच्या चाचणीसाठी टोस्ट नावाचं वर्गीकरण तयार झालं होतं. त्यात गुठळीच्या पक्षाघाताचे पाच प्रकार केले होते. ते वर्गीकरण जनुकशास्त्राला असं काही कामी आलं की विचारू नका.

२०१२ साली सातव्या गुणसूत्रावर एचडॅक-९ या जनुकाजवळची जागा सापडली, ती फक्त मोठ्या रक्तवाहिन्यांच्या प्रकारात. आई-वडिलांकडून मिळालेल्या त्या फरकाच्या प्रत्येक प्रतीमागे धोका सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेला. बाकीच्या प्रकारांत तिचा मागमूस नव्हता. पिट्क्स-२ आणि झेडएफएचएक्स-३ ही जनुकं हृदयातून येणाऱ्या गुठळीच्या प्रकारात दिसतात, कारण त्यांचा मूळ संबंध अनियमित ठोक्यांशी आहे. कुणीतरी इसीजी नीट पाहिला होता, कुणीतरी मानेच्या धमनीची सोनोग्राफी केली होती, आणि रकान्यात खरा प्रकार लिहिला होता, म्हणून हे दिसलं. त्या निवासी डॉक्टरांची नावं निबंधाच्या यादीत शोधूनही सापडणार नाहीत. माझ्या मते या शोधाचा निम्मा मान त्यांचा आहे.

पुढे आकडे झपाट्याने वाढले. २०१८ साली मेगास्ट्रोक हा अनेक देशांचा एकत्रित अभ्यास आला : ६७,१६२ रुग्ण, साडेचार लाखांहून अधिक निरोगी लोक, पक्षाघाताशी जोडलेल्या ३२ जागा. २०२२ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या स्टेफनी दबेत आणि त्यांच्या जगभरच्या सहकाऱ्यांनी गिगास्ट्रोक प्रसिद्ध केलं : १,१०,१८२ रुग्ण, १५ लाखांहून अधिक निरोगी लोक, ८९ जागा, त्यांतल्या ६१ नव्या. आणि यातले एक तृतीयांश रुग्ण युरोपीय वंशाचे नव्हते.

आता आपल्या, म्हणजे दक्षिण आशियाच्या, रकान्याकडे येऊ. मेगास्ट्रोकच्या ६७ हजारांत युरोपीय वंशाचे ४०,५८५ रुग्ण होते, पूर्व आशियाचे १७,३६९. दक्षिण आशियाचे किती? २,४३७. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ मिळून दर शंभरात चारसुद्धा नाहीत. त्यातही पाकिस्तानातल्या रेस नावाच्या अभ्यासाचे रुग्ण आहेत. म्हणजे पुण्या-नागपूरच्या माणसाच्या जनुकांबद्दल जग जे थोडंफार सांगू शकतं, त्यात पाकिस्तानातल्या रुग्णांनी दिलेल्या रक्ताचा हातभार आहे. त्यांच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

हा रकाना रिकामा राहिला तर काय बिघडतं? जपान आणि कोरियामध्ये आरएनएफ-२१३ या जनुकातला एक फरक शंभरातल्या एक-दोन माणसांमध्ये आढळतो, आणि तो मेंदूच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याशी जोडलेला आहे. युरोपीय लोकांत तो जवळपास नाहीच. फक्त युरोपात शोधत बसले असते तर तो कधीच दिसला नसता. आपल्याकडेही मेंदूच्या आतल्या धमन्यांचे आजार युरोपपेक्षा जास्त आढळतात. त्यामागे आपलं स्वतःचं काही जनुकीय कारण आहे का, हे शोधायला आपलेच रुग्ण लागतील. आणि मघाशी सांगितलेलं नॉच-३ आठवा. २०१६ मध्ये जगभरच्या जनुकीय माहितीसाठ्यात पाहिलं, तेव्हा त्या जनुकातले कॅडासिलसारखे फरक सर्वांत जास्त दक्षिण आशियाई लोकांत निघाले, दर शंभरात सुमारे एक! त्यांतल्या बहुतेकांना तो तीव्र आजार होत नाही. पण साठीनंतर त्यांच्या मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचं काय होतं, त्यांच्यात पक्षाघात किती, याचं उत्तर पॅरिसमधून येणार नाही.

जिनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुली झाली. फार मोठं काम आहे हे. पण ती निरोगी माणसांची माहिती आहे. तुलनेची एक बाजू तयार झाली, रुग्णांची बाजू बाकी आहे. आणि ती यंत्रांअभावी अडलेली नाही, असं माझं ठाम मत आहे. तालुक्याच्या गावातून आलेल्या रुग्णाचा सीटी स्कॅन होतो, एमआरआय परवडत नाही, धमन्यांची तपासणी राहून जाते, चोवीस तासांचा इसीजी कुणी लावत नाही. मग टोस्टच्या कागदावर 'कारण अनिश्चित' अशी खूण होते. त्याचं रक्त गोठवून ठेवलं तरी ते कोणत्या प्रकाराच्या रकान्यात टाकायचं, हे कळत नाही. तपासणी पूर्ण झाली तर पहिला फायदा त्याच रुग्णाचा आहे, कारण हृदयातून आलेल्या गुठळीचं औषध वेगळं असतं. विज्ञानाचा फायदा नंतरचा.

औषधांबद्दल थोडक्यात. रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी अकराव्या घटकाची जन्मतः कमतरता असलेल्या लोकांना गुठळीचा पक्षाघात कमी होतो, आणि त्यांच्यात आपोआप होणारा गंभीर रक्तस्रावही क्वचितच दिसतो. गिगास्ट्रोकच्या आकड्यांमधूनही त्याच्या जनुकाकडे बोट जातं. तो घटक रोखणाऱ्या गोळ्यांवर मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. अनियमित ठोक्यांच्या रुग्णांवरची त्यांतली एक २०२३ साली मध्येच थांबवावी लागली, कारण आधीचं औषध सरस ठरलं. जनुकाने दाखवलेली वाट बरोबर असली तरी प्रत्येक रुग्णासाठी ती बरोबर असेलच असं नाही. ते प्रत्येक प्रकारात वेगळं तपासूनच घ्यावं लागतं.

शेवटी, तुमच्या घरचं कुणी दाखल असताना संशोधनासाठी रक्त मागितलं, तर काय करायचं, हे मला नेहमी विचारतात. संमतीपत्र मराठीत मागा आणि सही करण्याआधी वाचा. नाही म्हणालात तरी उपचारांत फरक पडता कामा नये, हा तुमचा हक्क आहे. नमुना देशाबाहेर जाणार आहे का, नाव काढून टाकणार का, पुढे विचार बदलला तर माघार घेता येईल का, हे विचारा. परदेशी संस्थेबरोबरच्या अशा संशोधनासाठी नैतिकता समितीची मान्यता लागते, शिवाय सरकारी छाननीही असते; ती झाली आहे का, हेही विचारायला संकोच नको. रुग्णाला बोलता येत नसेल तर जवळचा नातेवाईक सही करतो, पण रुग्ण सावरल्यावर त्याला पुन्हा विचारलंच पाहिजे. आणि घरात कुणाला कोणत्या वयात झटका आला होता ते लिहून द्या. जुन्या स्कॅनच्या फिल्म रद्दीत घालू नका. काकांना गुठळी झाली होती की रक्तस्राव, हे बहुतेक वेळा त्या फिल्मवरूनच सांगता येतं.