जुनी दुनळी बंदूक घ्यायलात? चमक नका बघू, नळीची जाडी मोजा

राम राम मंडळी. मागचा व्हिडिओ जुन्या कुलपांवर होता, मित्राच्या वाड्यात शूट केला होता. त्याच्या भिंतीवर एक दुनळी टांगलेली. झालं! कुलपांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, सगळे एकच विचारायलेत: दादा, रिस्टोअर केलेली बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) मिळायली, घेऊ का?

आधी परवाना. जिल्हाधिकारी कार्यालय, अर्ज, पोलिस पडताळणी, हे माहीतच आहे. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाच्या नावावर तीनऐवजी दोनच बंदुका, तेव्हा दोन आधीच असतील तर विषय मिटला. शिकारीचं विचारणाऱ्यांनी 1972 चा वन्यजीव कायदा वाचावा. वरातीत बार काढायचाय म्हणणाऱ्या भावाला, 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुढं.

पुढं कसलं, थांबा. “अँटिकला परवाना लागत नाही” हे ज्यानं पसरवलं तो मला एकदा भेटावा. शस्त्र कायदा 1959, कलम 45. सूट आहे, पण कुणाला? जी दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही अशा जुन्या हत्याराला. आणि विकणारा म्हणतो काय, “मालक, अँटिक आहे, परवान्याची कटकट नाही, आणि दोन्ही बार कडक निघतात!” अरे, बार निघतात तर परवाना लागतो की. भिंतीवर टांगायची असली तरी लागतो.

आता नळी. बंदूक रिकामी आहे का ते स्वतः उघडून बघा, मग नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करा. वेगळ्या करू देत नसेल तर चहा प्या आणि उठा.

रिस्टोअर म्हणजे बहुतेक ठिकाणी काय करतात? गंज घासतात, बफ मारतात, वरून काळा मुलामा. गंजानं पडलेला खड्डा भरता येत नाही, म्हणून आजूबाजूचं लोखंड खड्ड्याच्या पातळीला आणतात. चमकते छान, पण नळी तेवढी पातळ झाली. परळीकडच्या एका ओळखीच्यांनी मला अशीच एक दाखवली. आरशासारखी. मी कारागिराचं नाव वाचायला गेलो तर अक्षरं अर्धी पुसलेली, नक्षीच्या कडा गुळगुळीत. ती अक्षरं धातूत कोरलेली असतात हो! ती उथळ झाली म्हणजे तेवढा धातू गेला. मालकांना मात्र कौतुक, “बघा, नव्यासारखी केली.”

हे झालं बाहेरून. आतूनही तसंच घासतात. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर प्रूफचे, म्हणजे जास्त दाबाचा बार काढून नळीची परीक्षा घेतल्याचे, शिक्के असतात. 1954 च्या आधीच्या इंग्रजी बंदुकीवर 12 असा शिक्का असेल तर परीक्षेच्या दिवशी भोक 0.729 इंचापासून 0.740 च्या आतलं होतं. आज मोजायचं गेज 0.750 दाखवत असेल तर भोक किमान 10 थाउनं वाढलं, तेवढ्यासाठी धातू आतून गेला. वाळूजला लेथवर हात काळे केलेल्यांना थाउ सांगायला नको, बाकीच्यांसाठी, इंचाचा हजारावा भाग. भोक 10 थाउपेक्षा जास्त वाढलं की तो शिक्का असून नसल्यासारखा.

आणि थेट जाडी. पातळ जागेला 20 थाउ, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, याच्या खाली जाणकार बंदूकवाले हात लावत नाहीत. आता कुणीतरी लिहिणार, “दादा, तुम्ही एकच गोष्ट तीनदा सांगायलात.” हो, सांगायलोय. कारण नळी फुटते तेव्हा डावा हात तिथंच असतो.

उजेडाकडे धरून आत बघा. सावलीच्या कड्या वाकड्या दिसल्या तर पोचा आहे. नळ्या दोरीला टांगून बोटानं टिचकी मारा, स्वच्छ घुमलं पाहिजे. बद्द वाजलं तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचा डाग, म्हणजे सांधा, सुटलाय. पुढचं लाकूड काढून, बंदूक बंद करून हलवा, खडखड नको. दस्ता पॉलिश केलाय का? केलेलाच असतो, सोडा.

काडतूस. जुन्या इंग्रजी बंदुकीचं घर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बहुधा 65 मिलिमीटरचं, आजची काडतुसं 70 ची. “पण बसतं ना!” बसणारच. 70 हे माप उडाल्यानंतरच्या, तोंड उघडलेल्या काडतुसाचं. तोंड दुमडलेलं असतं तोवर आत जातं. उडताना उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली नक्षीदार नळी असेल तर आणखी सावध. त्यातल्या बऱ्याच काळ्या दारूसाठीच, म्हणजे जुन्या धुराच्या बारुदीसाठीच, तपासलेल्या. “नायट्रो प्रूफ”, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली, असं लिहिलेलं नसेल तर आजची दारू नको.

नावावर जाऊ नका. अंडाकृतीत ईएलजी अशी अक्षरं दिसली की माल बेल्जियमचा, लिएज शहराचा, वर वेस्टली रिचर्ड्स या नामांकित इंग्रजी बंदूकवाल्यासारखं ऐकू येणारं “डब्ल्यू. रिचर्ड्स” कोरलेलं असलं तरी.

फोटो पाठवायचे असतील तर त्या शिक्क्यांचे पाठवा. तुम्ही सगळे दस्त्याचेच पाठवायलात.