दारातला बोका हाकलून वास जात नसतो

नमस्कार मंडळी. जनावरांचा डॉक्टर बोलणार म्हटल्यावर गाई-म्हशींवर बोलणार असं काहींना वाटलं असेल, पण या कॉलनीतून मला सध्या जेवढे फोन यायलेत ते सगळे एकाच गोष्टीचे, की डॉक्टर, बोका दारात मुतून जातोय, काय करावं सांगा. म्हणून म्हटलं एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच बसवून सांगावं, कारण हा एका घरानं सोडवायचा प्रश्नच नाही.

आता उन्हाळा तोंडावर आलाय, घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरायलेत, आणि लातूर काय, परभणी काय, नांदेड काय, आपल्याकडं कूलर खिडकीच्या बाहेर स्टँडवर असतो. रात्री बोका येतो, कूलरच्या गवतावर धार मारतो आणि निघून जातो, सकाळी कुणाला काही कळत पण नाही. दुपारी पाणी सोडून पंखा लावला की तो वास भस्सकन सगळ्या घरात, आणि मग घरची बाई बिचारी फरशी पुसपुस पुसते, पडदे धुते, बाथरूममध्ये शोधते, आणि वास मात्र खिडकीतून यायलाय. अशा वेळी सरळ ते गवत काढून टाका, नवीन घाला, टाकी घासून घ्या. गवत धुवून वास जात नाही, आणि नवीन गवत फार महाग पण नसतं. नवीन घातल्यावर बाहेरून बारीक तारेची जाळी चार बोटं अंतर सोडून लावा, म्हणजे परत धार मारली तरी गवतापर्यंत कमी पोचते, आणि जाळी पुसून घेता येते.

पण आधी एक गोष्ट नीट बघायला शिका. मांजर लघवी करते ती दोन प्रकारानं, आणि दोन्हीचे उपाय वेगळे. एक म्हणजे खाली बसून, मऊ मातीत किंवा वाळूत खड्डा उकरून, भरपूर, आणि नंतर माती लोटून झाकून. ही झाली साधी लघवी, त्याला जागा पाहिजे म्हणून केलेली. दुसरा प्रकार म्हणजे फवारा. बोका भिंतीकडं, गेटकडं, गाडीच्या टायरकडं पाठ करून उभा राहतो, शेपटी सरळ वर, शेपटीचं टोक थरथरायला लागतं, मागचे पाय जागच्या जागी हलतात, आणि थोडीशीच लघवी पण मागच्या बाजूला उभ्या भिंतीवर उडते. डाग जमिनीपासून वीतभर-दीडवीत उंचीवर असेल, खाली ओघळ आलेला असेल, तर तो फवारा समजा. जमिनीवर थारोळं असेल तर साधी लघवी. डाग दिसत नसला तर नोटा तपासायची ती जांभळ्या उजेडाची बॅटरी घ्या, रात्री लाईट बंद करून भिंतीवर मारा, मांजराची लघवी पिवळट-हिरवट चमकते, कुठं कुठं करून ठेवलंय ते सगळं दिसतं.

हे फवारे मारणारे बहुतेक करून नसबंदी न झालेले बोके असतात. थंडी सरून दिवस मोठा व्हायला लागला की मांजरी माजावर येतात, त्यांच्या मागं चार गल्ल्यांतले बोके, आणि मग हा भाग माझा आहे, मी इथं आहे, हे प्रत्येकजण आपापल्या वासानं लिहून ठेवतो. त्यात तुमच्यावरचा राग नसतो, डूख धरणं नसतं. बरेच जण म्हणतात की आम्ही हाकललं म्हणून मुद्दाम दारात करतोय. तसं काही नसतं हो, दार ही फक्त येण्याजाण्याच्या वाटेवरची ठळक जागा असते म्हणून तिथं करतो.

आणि वास इतका उग्र का, तर बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचा एक पदार्थ असतो, त्यात गंधक असतं, आणि हवा लागून तो मोडायला लागला की तो ओळखीचा भपकारा सुटतो. जपानमधल्या मासाओ मियाझाकी यांच्या टीमनं 2006 साली दाखवलं की मांजराच्या मूत्रपिंडात कॉक्सिन नावाचं एक प्रोटीन असतं, ते हे फेलिनिन तयार करायला लागतं, आणि अंड असलेल्या बोक्यात ते सगळ्यात जास्त सापडतं. त्यात मांजर हे मुळात कोरड्या वाळवंटी भागातल्या रानमांजराच्या वंशातलं, त्यामुळं पाणी वाचवून एकदम घट्ट लघवी करायची त्याच्या शरीराची सवय. शिवाय त्या लघवीतलं युरिक अ‍ॅसिड सुकून खडे धरतं, ते साध्या पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून तर मे महिन्यात गेलाय वाटलेला वास मृगाच्या पहिल्या पावसात दमट हवा आली की त्याच कोपऱ्यातून परत उठतो.

म्हणजे बघा, आपण काय करतो, बादलीभर पाणी ओततो आणि वर फिनाईल. लातूरकरांना मी पाण्याचं काय सांगणार, 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेलं आपलं गाव आहे. बादल्या ओतून हा वास जात नाही, पाणी तेवढं वाया जातं. आणि आपल्याला वास गेला असं वाटलं तरी मांजराला तो येतच असतो, तोंड अर्धवट उघडं ठेवून ती वास घेतात ना, टाळूवर त्यासाठी वेगळं इंद्रियच आहे. बोक्याला वाटतं आपली खूण पुसट झाली, तो परत येऊन ताजी करतो. तुम्ही जितकं अर्धवट धुवाल तितका तो जास्त येईल.

मग धुवायचं कसं. ओलं असेल तर आधी जुन्या कापडानं किंवा पेपरनं टिपून घ्या, घासू नका. मग एन्झाईम असलेलं क्लीनर, पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं नाहीतर ऑनलाईन मागवा. त्यातल्या एन्झाईमला ओल लागते आणि वेळ लागतो, आणि आपल्याकडच्या उन्हात तर शिंपडलेलं दहा मिनिटात वाळून जातं, मग लोक म्हणतात काही उपयोग नाही. म्हणून संध्याकाळी ऊन उतरल्यावर टाका, लघवी जेवढी मुरली असेल तेवढं ते पण मुरलं पाहिजे इतकं टाका, वरून ओलं फडकं झाकून रात्रभर राहू द्या. विनाप्लास्टरची भिंत किंवा नुसता सिमेंटचा कट्टा असेल तर दोन-तीनदा करावं लागतं, आणि नीट वाळल्यावर प्रायमर मारून रंग दिला तर पुढच्या वेळी आत मुरत नाही. क्लीनर मिळालं नाही तर मेडिकलवरचं 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साईड, त्यात थोडा खायचा सोडा आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, हे पण चांगलं काम करतं, फक्त लागेल तेवढंच ताजं बनवा, बाटलीत झाकण लावून ठेवू नका, गॅस धरून बाटली फुटते, आणि रंग उडतो म्हणून आधी कोपऱ्यात लावून बघा.

व्हिनेगर बरेच जण सुचवतात, फरशीच्या टाईलवर अर्धं पाणी घालून ठीक आहे, पण आपल्याकडं ओसरीला, जिन्याला शहाबादी असते, तो चुनखडीचा दगड आहे, त्यावर व्हिनेगर टाकलं की दगड खरखरीत होतो आणि पुढच्या वेळी लघवी अजून आत मुरते. संडासचं अ‍ॅसिड तर अजिबातच नको. आणि ब्लीचिंग लघवीवर टाकू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिळून घातक वायू निघतो, बंद जिन्यात तर माणसाला धाप लागंल. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग एकत्र केलं तर त्याहून वाईट, क्लोरीन सुटतो.

फिनाईलबद्दल मी जरा कळकळीनं सांगतो. मांजराच्या लिव्हरला हे फिनॉलसारखे पदार्थ पचवता येत नाहीत, कुत्र्यापेक्षा, माणसापेक्षा कितीतरी कमी. फिनाईलच्या ओल्या फरशीवरून मांजर चालतं, मग पाय चाटतं, आणि लाळ गाळत, थरथरत माझ्या टेबलावर येतं. डांबरगोळ्यांचं तेच, आणि त्या रांगत्या लेकरांच्या हाताला पण लागतात. मिरचीपूड टाकतात काहीजण, ती डोळ्यात गेल्यावर ते जनावर पंजानं डोळा चोळत बसतं, पंजाला परत मिरचीच, बुबुळाला जखम होते. हे करू नका. आणि भाकरीत विष घालायचा विचार कुणाच्या मनात असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 वाचा, जनावराला विष घालून मारलं किंवा जायबंदी केलं तर 5 वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा सोडा, ती भाकरी उद्या कुणाची कोंबडी खाईल, कुणाचं वासरू खाईल, आपल्या हातात काही नसतं.

गेटला निळीच्या पाण्याच्या बाटल्या टांगलेल्या मी येताना बघितल्या, त्यानं मांजराला काही फरक पडत नाही, काढल्या तरी चालतील. मोसंबी-संत्र्याच्या साली मांजराला आवडत नाहीत हे खरंय आणि जालना जवळ असल्यामुळं मोसंबीला तोटा नाही, पण आपल्या उन्हात साल एका दिवसात कडक होते आणि वास संपतो, रोज बदलणार असाल तर करा.

उकरून करणाऱ्या मांजराचं सोपं आहे. ज्याच्या दारात बांधकामाची वाळू पडलीय त्याच्या दारात अख्ख्या गल्लीतली मांजरं येणार, तिला संध्याकाळी ताडपत्री घाला आणि कडेनं विटा ठेवा. तुळशीच्या कुंडीत मांजर करतं म्हणून म्हाताऱ्या माणसांना किती वाईट वाटतं ते मला माहितीय, सकाळी पूजेला गेलं की हे असं. मातीवर मोठी खडी किंवा गोटे दाटीनं बसवा, नाहीतर कोंबड्याची जाळी कापून बुडख्याभोवती बसवा, पाणी खाली जातं पण मांजराला उकरता येत नाही. त्याच बरोबर त्याला दुसरी जागा पण द्या, परसात लांबच्या कोपऱ्यात एक जुनं घमेलं बारीक कोरडी वाळू भरून ठेवा, रोज साफ करा. बहुतेक मांजरं आपोआप तिकडं वळतात.

फवाऱ्याचं मात्र मूळ औषध एकच, नसबंदी. दहातले जवळजवळ नऊ बोके नसबंदीनंतर फवारे मारायचे थांबतात, काही लगेच, काहींना थोडे महिने लागतात, आणि लघवीचा तो उग्रपणा पण उतरतो. बोक्याचं ऑपरेशन छोटं असतं, पाच-सहा महिन्यांच्या वयापासून करता येतं. परभणीला आणि उदगीरला सरकारी पशुवैद्यक कॉलेजं आहेत, आपल्या भागातल्या लोकांना तिथं विचारता येतं, नाहीतर जवळच्या दवाखान्यात विचारा. पण मांजरीच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, हा खरा प्रश्न. बोका कुणाचाच नसतो, दूध तीन घरं घालतात, आणि ऑपरेशनला न्यायची वेळ आली की तिन्ही घरं म्हणतात आमचा नाही. माझं म्हणणं आहे की जी ताई रोज दूध घालते तिच्याच हाताला तो येतो, तिनं ठराविक वेळी पिंजऱ्यात खायला घालायची सवय लावावी, आणि खर्च गल्लीनं वर्गणी काढून द्यावा. गणपतीला काढतो तशीच. मांजरींचं पण करून घ्या, माजावरची मांजर आहे तोवर बाहेरचे बोके येतच राहणार. नसबंदी झालेल्या मांजराच्या डाव्या कानाचं टोक थोडं कापायला सांगा, म्हणजे तेच मांजर परत कुणी पकडत नाही.

पोत्यात घालून लांब सोडून यायचं का, असं मागून एक काका विचारायलेत. काका, नका. जागा मोकळी झाली की शेजारच्या गल्लीतला बोका येतो, तो पण नसबंदी न झालेला, आणि जुन्या खुणांवर आपली खूण करायला जास्तच फवारे मारतो. ऑपरेशन करून त्याच गल्लीत सोडलेला बोका आपली जागा धरून राहतो, तुमच्या ज्वारीच्या कोठीचे उंदीर पण तोच बघतो.

सून गरोदर आहे, चालंल का, असं एका मावशींनी विचारलंय. मावशी, टोक्सोप्लाझ्मा हा जंतू मांजराच्या विष्ठेतून येतो, लघवीतून नाही, आणि ती विष्ठा ताजी असताना लगेच लागण करत नाही, त्याला किमान एक दिवस लागतो. म्हणून घमेलं रोज साफ करायचं, ते काम सुनेनं करायचं नाही, दुसऱ्या कुणीतरी करायचं, आणि कुंडीतली माती हाताळायची तर हातमोजे घालून.

आणि शेवटचं, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. एखादा बोका सारखा सारखा बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय, खालचा भाग चाटतोय आणि थेंब-दोन थेंबच येतायत किंवा रक्त येतंय, तर त्याला घाण करतोय म्हणून हाकलू नका. त्याची लघवीची वाट अडकलेली असू शकते, बोक्यांमध्ये ती वाट फार बारीक असते, आणि पूर्ण अडकली तर दोन-तीन दिवसात जीव जातो. अंगावर टॉवेल टाकून उचला, भाजीच्या करंडीत झाका आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणा, रात्र असली तरी मला फोन करा.