दोन दिनार आणि अर्धी स्ट्रिप

श्रोतेहो, नमस्कार आणि जय ख्रिस्त. मी मिरजेतनं बोलतेय, तीसएक वर्षं नर्सिंग केलं, आता रिटायर आहे. आज एका गोळीबद्दल बोलायचंय, शुगरच्या.

आमच्या कोपऱ्यावर एक मावशी भाजी विकतात. पूर्वी मेडिकलमध्ये जाऊन म्हणायच्या, "दहाची नको, पाचच दे", मग तो पोरगा कात्रीनं स्ट्रिप कापून द्यायचा आणि त्या पाच गोळ्या मावशी दहा दिवस पुरवायच्या, एक दिवस आड. मी रागावले की म्हणायच्या, "सिस्टर, आज बरं वाटतंय की." सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात हो, पण ओपीडी सकाळची आणि मावशींचा धंदाबी सकाळचाच, लायनीत उभं राहिलं की त्या दिवसाची भाजी सुकली. शेवटी पायाला जखम झाली, चिघळली, दोन बोटं काढावी लागली. ते ऑपरेशन मात्र योजनेत बसलं, एक रुपया लागला नाही. हे माझ्या मनातनं जातच नाही.

योजना चांगल्याच आहेत, मी डोळ्यांनी माणसं घरी जाताना बघितलीत. महात्मा फुले जन आरोग्य योजना, जी 2012 ला जीवनदायी म्हणून सुरू झाली, मग 2018 ला आयुष्मान भारत आलं, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. पण त्यांचं दार उघडतं ते माणूस बेडवर पडल्यावर, तेही ठरलेल्या उपचारांनाच. रोजची गोळी, डॉक्टरची फी, ॲडमिट न होता केलेल्या रक्ताच्या तपासण्या, हे सगळं खिशातनं, आणि मेडिक्लेम आमच्या मावशींनी कुठनं काढायचा?

मिशनरी डॉक्टर वानलेस 1889 ला भारतात आले, 1894 ला मिरजेत दवाखाना उभा राहिला. आमच्या आजीची पिढी त्याच आधारानं जगली. लहानपणापासनं मी चांगल्या शोमरोन्याचा दाखला ऐकत आले, बायबलमधल्या लूकच्या दहाव्या अध्यायातला, चोरांनी मारून रस्त्यात टाकलेल्या माणसाला एक परका शोमरोनी उचलतो तो, पण त्यातला उतारशाळेचा मालक मला फार उशिरा दिसला. शोमरोनी जखमांवर तेल, द्राक्षारस ओततो, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, हे सगळे सांगतात. पण दुसऱ्या दिवशी निघताना तो त्या मालकाला दोन दिनार काढून देतो, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि सांगतो की जास्त लागलं तर परत येताना मी देईन. जखम बांधली आणि संपलं असं नाही, माणूस बरा होईपर्यंतचा खर्च त्यानं आपल्या अंगावर घेतला.

हे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना बोलले, तर त्यांनी मंडळीत विषय काढला, आणि आता आमच्या मंडळीचं त्या मेडिकलमध्ये खातं आहे. रविवारी उपासना सुटल्यावर, बाजार उठलेला असतो तेव्हा, पटांगणात टेबल टाकून मी बीपी, शुगर बघते, धर्म जात काय विचारत नाही, आणि डॉक्टरांची चिठ्ठी असेल त्याची महिन्याची गोळी त्या खात्यावर जाते. कधी पैसे कमी पडतात, मग उपासनेत सांगावं लागतं.

मावशी पहिल्या रविवारी आल्या, पायात कापडी बूट. मेडिकलमधल्या पोरानं सवयीनं कात्री घेतली, तर म्हणाल्या, "ठेव ती. अख्खी दे."