उजवीकडचा रकाना

[उद्यमबाग, सकाळ. सायकली आणि डबे घेऊन आत शिरणारे कामगार.]

बेळगाव म्हटलं की बाहेरच्यांना कुंदा आठवतो. खानापूर रोडवरच्या या उद्यमबागेत मात्र लोखंड ओततात. पंपांची अंगं, व्हॉल्व्ह, गाड्यांचे सुटे भाग.

[वही. मधोमध पट्टीनं मारलेली रेघ.]

ही वही मास्तरांची. शाळेतून निवृत्त झाले, आता कारखान्यांसाठी प्रशिक्षणाचे व्हिडिओ लिहितात. डावीकडच्या रकान्यात चित्र, उजवीकडे आवाज. चार सेकंदांच्या शॉटला आठ शब्द, फार तर नऊ. घड्याळ समोर ठेवून मोठ्यानं वाचायचं आणि श्वास अडकला की वाक्य तोडायचं.

[छापील कागद. लाल पेन.]

वरच्या ऑफिसातून आलेला मजकूर असा होता: ‘वितळलेल्या धातूच्या हस्तांतरणापूर्वी लॅडल पूर्णतः आर्द्रतामुक्त असल्याची कृपया खात्री करून घ्यावी.’ लॅडल म्हणजे वितळलेला धातू, इथल्या बोलीत ‘रस’, ओतायचं भांडं. मास्तरांनी आधी ‘कृपया’ खोडलं. कृपया म्हणेपर्यंत रस ओतून झालेला असतो, म्हणाले.

[भट्टीजवळ मास्तर. शेजारी जुना ओतारी.]

मग वही घेऊन ते चार दिवस इथं उभे राहिले. चहाच्या सुट्टीत सोडून कुणाला काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी हा ओतारी नव्या पोराला ओरडला, ‘आधी लॅडल तापवून घे की! ओली असली तर रस उडतोय.’

वाक्य मिळालं.

उडतो तो असा. रस चौदाशे अंशांच्या आसपास असतो. लॅडलच्या अस्तरात पाणी मुरलेलं असेल, तर त्याची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १७०० पट जागा मागतं, आणि ती जागा रसाला बाहेर फेकूनच मिळते. एवढं सगळं व्हिडिओत सांगत बसायचं नाही. पण लिहिणाऱ्याला ठाऊक हवं, नाहीतर ‘तापवून घे’ हे वाक्य ओतकामाच्या शॉटवर जाऊन पडतं. सूचना आधी, कृती मागून. माणसाचा हात कानापेक्षा घाईत असतो.

[एडिटिंगची खोली. दोन हेडफोन.]

याच चित्रांवर कन्नड निवेदनही चढतं. १९५६ साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. पाट्यांचा वाद अजून चालूच आहे; भट्टीपुढं मात्र एकाच वाक्यात दोन्ही भाषा नांदतात. कन्नड वाक्य कधी लांबतं, म्हणून मास्तर प्रत्येक शॉटच्या शेवटी एक सेकंद मोकळा सोडतात. कन्नड मजकूरसुद्धा भाषांतर करून घेतला नाही. तोही भट्टीपाशी, कन्नड बोलणाऱ्या कामगाराच्या तोंडूनच उतरवला.

[ओताऱ्याचा पाय. जुना डाग.]

हा व्हिडिओ आता नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दाखवतात.

[पुन्हा वही. शेवटचं पान.]

डावीकडं लिहिलंय, ‘रस साच्यात.’ उजवीकडचा रकाना कोरा. विसरलात का, म्हणून आम्ही विचारलं. ‘तिथं भट्टी बोलते की,’ म्हणाले.

[ओतकाम. निवेदन नाही.]