वाळूतली बटणं आणि आजीची माळ

नमस्कार श्रोतेहो. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत बोटं खुपसली की कधीकधी मूठभर चकचकीत बटणं हाती लागतात. करडी, गुलाबी, तपकिरी, एखाद्यावर नागमोडी रेघा. ही बटणं म्हणजे समुद्री गोगलगाईचे शंख. शास्त्रीय नाव उंबोनियम वेस्टिएरियम. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली तिची नोंद केली. रुंदी जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर. तिचे भाऊबंद खडकावरचं शेवाळ खरवडून खातात. ही मात्र वाळूत बसून पाणी आत ओढते आणि कल्ल्यांनी अन्नकण गाळून घेते. खरवडून नाही, गाळून.

आता गोव्यातल्या केरी गावची गोष्ट. मी दहा वर्षांची होते. मे महिन्याची सुट्टी. आजी तेरेखोल नदीच्या मुखाशी तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायला निघाली की मी मागे. आजी तिसऱ्या गोळा करायची, मी भोक असलेली बटणं. इतकी गोल, इतकी नेटकी भोकं! मी विचारलं, तर म्हणाली, "बाये, देवाने तुझ्या माळेसाठीच पाडलीत."

माळ अर्धी ओवून झाली होती. एके सकाळी वाळूत सुपारीएवढा गुळगुळीत शंख दिसला. उचलला, तर त्याने आपल्या मांसल पायात काहीतरी घट्ट गुंडाळलेलं. सोडवून बघते तो माझं बटण, जिवंत! आणि त्याच्या पाठीवर गोल खळगा, अजून आरपार न गेलेला. मी धावत आजीकडे गेले. "आजी, देव नाही, हा पाडतो भोकं!"

आजीने खळग्यावरून नख फिरवलं. म्हणाली, "आपण तिसऱ्या खाऊन शिंपल्या उकिरड्यावर फेकतो. याने खाल्लं आणि तुला मणी ठेवला."

तो सुपारीएवढा शंख नॅटिसिडी नावाच्या गोगलगाईंच्या कुळातला शिकारी. तो आम्लयुक्त स्राव सोडून कवच मऊ करतो, मग दातेरी जिभेने खरवडतो. पुन्हा स्राव, पुन्हा खरवडणं. आरपार गेला की सोंड आत घालून मांस खातो. म्हणून ते भोक बाहेर रुंद, आत अरुंद असतं. स्क्रूचं डोकं आत बसावं म्हणून सुतार पाडतो ना, तसं. बाहेर रुंद, आत अरुंद.

माळ अजून माझ्याकडे आहे, एकेचाळीस मण्यांची. त्या अर्ध्या खळग्याचं बटण तिच्यात नाही. ते मी ओल्या वाळूवर ठेवलं होतं. थोडा वेळ शंखाच्या तोंडावरचं झाकण मिटून पडून राहिलं, मग पाय काढून हळूहळू वाळूत उतरलं. तुम्हालाही झाकण मिटलेलं बटण सापडलं, तर खिशात घालू नका. पाण्याच्या कडेला ओल्या वाळूवर ठेवा आणि दोन मिनिटं तिथेच थांबा.