हिरव्या पट्ट्यातला लाल प्रकाश

(दृश्य : सेंट्रिफ्यूजमधून काढलेली नळी)

ही नळी रात्रभर अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये फिरली आहे. आत साखरेचं द्रावण, तळाशी दाट आणि वर विरळ. त्यावर डिटर्जंटने विरघळवलेली पालकाची थायलाकॉइड पटलं, म्हणजे पानात प्रकाश टिपणारी पटलं, ओतली होती. सर्वांत वर सुटं रंगद्रव्य, खाली एकेकटी प्रथिनं आणि त्याखाली हा गडद पट्टा : एलएचसी-टू, म्हणजे पानासाठी प्रकाश गोळा करणारं प्रथिन, तिघांच्या जुडग्यात. प्रत्येक प्रथिनात ८ क्लोरोफिल-ए, ६ क्लोरोफिल-बी.

सुई कडेने घालून तेवढाच पट्टा ओढायचा, मंद हिरव्या उजेडात, बर्फावर. वरचं रंगद्रव्य जरा जरी आलं, तरी पुढचे आलेख खोटं बोलतात.

(दृश्य : क्युवेटमधली लाल चमक)

क्युवेट म्हणजे मोजमापाची पारदर्शक कुपी. तिच्यात जाणारा प्रकाश ४७५ नॅनोमीटरचा. तो मुख्यतः क्लोरोफिल-बी शोषतं. बाहेर येतो तो मात्र ६८० चा, म्हणजे क्लोरोफिल-ए चा. ऊर्जा मधल्या मध्ये हस्तांतरित झाली. ६५० पाशी आलेखाला खांदा दिसला, तर काही क्लोरोफिल-बी या ऊर्जेच्या साखळीतून तुटलेत. तो नमुना टाकून द्यायचा.

द्रावण पातळच हवं, ६८० ला शोषण ०.०५ च्या आत. दाट द्रावणात सुटलेला प्रकाश शेजारचेच रेणू गिळतात. ६८० चं शिखर खचतं आणि ७४० कडची बाजू उगाच फुगलेली दिसते. पण पातळ करायला नुसतं बफर ओतलं, की डिटर्जंट अपुरं पडतं, जुडगी एकमेकांना चिकटतात आणि चमक विझत जाते. म्हणून बफरमध्येही ०.०३ टक्के अल्फा-डीएम, एक सौम्य डिटर्जंट. कंटाळवाणी गोष्ट, पण निम्मे घोटाळे इथेच होतात.

(दृश्य : द्रव नायट्रोजन)

उणे १९६ अंश. नमुन्यात साठ टक्क्यांहून जास्त ग्लिसरॉल, नाहीतर स्फटिक होऊन प्रकाश विखुरतो. या थंडीत ऊर्जेला पुन्हा वर चढता येत नाही; ती सर्वांत खालच्या पातळीच्या क्लोरोफिलपाशी अडकते आणि तेच चमकतं. एलएचसी-टू ६८० लाच राहतं. फोटोसिस्टम-वन या पानातल्या दुसऱ्या प्रकाशयंत्रणेच्या एलएचसीए-फोर प्रथिनाची चमक मात्र ७३० च्या पुढे जाते, रुंद आणि पसरट.

क्लोरोफिल-ए तेच. फरक प्रथिनातल्या दोन क्लोरोफिल रेणूंच्या जवळिकीचा, जागा क्रमांक ६०३ आणि ६०९. ६०३ ला एलएचसीए-फोरमध्ये हिस्टिडिन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅस्परॅजिनने धरलंय. तिथे हिस्टिडिन बसवलं, की ही लांब पल्ल्याची चमक नाहीशी होते.

कडक उन्हात पान जादा ऊर्जा कशी घालवतं, तेही याच मोजमापांतून तपासलं जातं.